सलग सुट्ट्यांचा पाऊस गुरुवारीच कळतो का?

प्रश्न : राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या बाजूला आमचं घरगुती जेवणाचं आहे. 15 ऑगस्टला लागून शनिवार-रविवार आला की तीन दिवस गडावर गर्दी असते. पीठ, कोंबड्या, भाजी सगळं दोन दिवस आधी भरावं लागतं. माझा भाचा अमेरिकेत बफेलोला होता. 2022 च्या नाताळात तिथं मोठं हिमवादळ झालं, पण ते येणार हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. मग आमच्या वेल्ह्यात शनिवारी किती पाऊस पडेल हे का सांगता येत नाही? कधी रेड अलर्ट येतो आणि ऊन पडतं, कधी काही सांगितलेलं नसतं आणि ओढा भरून येतो.
— एक भगिनी, ता. राजगड (वेल्हे)

उत्तर : ताई, तुमच्या भाच्याला वादळ येणार हे आधी कळलं होतं. आपल्या दाराशी किती फूट बर्फ साचेल हे त्यालाही कुणी सांगितलं नसणार. तुम्हाला हवा आहे तो आकडा दुसऱ्या जातीचा आहे : एक गाव, एक दिवस, इतके मिलिमीटर. तो अमेरिकेतही नीट मिळत नाही. पण या सुट्ट्यांत घाटावर मोठा पाऊस आहे की नाही, एवढी माहिती आपल्याकडेही तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी भरवशाची असते. पीठ किती भरायचं आणि पुण्याच्या मंडळींना या म्हणायचं की नको, हे ठरवायला ती पुरते असं मी ठामपणे म्हणेन.

आधी बर्फाचं बघू. उत्तर अमेरिकेतलं हिवाळी वादळ हजार-दीड हजार किलोमीटर पसरलेलं असतं. कॅनडाकडून उतरणारी कोरडी गार हवा आणि दक्षिणेकडची दमट उबदार हवा यांची गाठ पडते. त्याच वेळी वर दहाएक किलोमीटरवरून वाहणाऱ्या जेट प्रवाहाला मोठा बाक आलेला असेल, तर वादळ बळावतं. हा बाक पॅसिफिक महासागरावर असतानाच उपग्रहांना आणि विमानांना दिसू लागतो. एवढा मोठा पसारा एका रात्रीत उभा राहत नाही, म्हणून संगणकाला तो चार-पाच दिवस आधी पकडता येतो.

बफेलोला आणखी एक सोय आहे. हे शहर ईरी सरोवराच्या पूर्वेच्या टोकाला वसलंय. गार वारा सरोवराच्या लांबीवरून वाहत आला, की पाण्यावरची वाफ उचलतो आणि बफेलोवर बर्फ करून टाकतो. सरोवर हलत नाही, शहर हलत नाही. वाऱ्याची दिशा आणि वेग कळला की बर्फ कुठं पडणार हे बरंचसं ठरलेलं असतं. 2022 चं वादळ पिढीत एखाद्या वेळी येणाऱ्यांपैकी आहे, असं तिथल्या हवामान कार्यालयाने काही दिवस आधीच म्हटलं होतं, आणि ते खरं ठरलं. 23 ते 27 डिसेंबर या पाच दिवसांत तिथल्या विमानतळावर 51.9 इंच, म्हणजे सुमारे 132 सेंटिमीटर बर्फ पडला. समोरचं काही दिसू नये अशी अवस्था सलग 37 तास होती. त्या भागात 40 हून अधिक माणसं गेली.

या गोष्टीतला मला सगळ्यात जास्त टोचणारा भाग अंदाजाचा नाहीच. खाजगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी लागू झाली ती शुक्रवारी, 23 तारखेला सकाळी साडेनऊ वाजता. तोवर कितीतरी माणसं कामावर निघालेली होती. अंदाज बरोबर होता, तो वेळेत हातात होता, आणि निर्णय वादळ दारात आल्यावर झाला. माणसं गाड्यांत अडकली आणि मदतीच्या गाड्याही बर्फात रुतल्या.

तिथले अंदाजही चुकतात. 26-27 जानेवारी 2015 ला न्यूयॉर्क शहरात 20 ते 30 इंच बर्फ पडेल असं सांगितलं गेलं. बर्फासाठी म्हणून तिथली भुयारी रेल्वे इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवली. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कात 9.8 इंच पडला. शेजारच्या न्यू जर्सीचा अंदाज देणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख गॅरी झाटकोव्स्की यांनी लोकांची जाहीर माफी मागितली. एवढी मोठी चूक कशी झाली? वादळ आलंच होतं. लाँग आयलंडच्या पूर्व भागात आणि बोस्टनमध्ये दोन फुटांच्या वर बर्फ साचला. वादळाची वाट थोडी पूर्वेकडे सरकली आणि बर्फाच्या पट्ट्याची पश्चिमेची कड शहराच्या अलीकडेच संपली. पुणे ते लोणावळा एवढा फरक, आणि न्यूयॉर्कच्या माणसाच्या दृष्टीने अंदाज साफ चुकला.

आता आपल्या घाटाकडे येऊ. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रावरून, जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर, वाऱ्याचा एक जोरकस झोत वाहतो. तो भरात असतो तेव्हा त्याचा वेग ताशी 60-70 किलोमीटरपर्यंत जातो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकू लागलं, की हा झोत आणखी ओढला जातो. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा असेल तर त्यात भरच पडते. ही वाफेने भरलेली हवा महाडच्या सपाटीवरून येते आणि वरंध, मढे घाट, तोरणा, राजगड या भिंतीवर आदळते. पुढं वाट नाही म्हणून ती वर चढते, वर गार होते आणि पाणी सोडते. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही धरणं भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत दाटीनं उभी आहेत, ती याच पावसाच्या जोरावर.

म्हणजे बफेलोची सोय आपल्याकडेही आहे. डोंगर जागचा हलत नाही. उपसागरातला कमी दाब आणि पश्चिमेचा वारा या दोन्ही मोठ्या गोष्टी आहेत, त्या चार दिवस आधी दिसतात. घाटात मुसळधार पाऊस येणार हे सांगणं म्हणूनच शक्य होतं. उघड्या मैदानावर, समजा नसरापूर-किकवीच्या पट्ट्यात, मे महिन्यातली वळवाची सर कुठं पडेल हे सांगणं याहून कितीतरी अवघड आहे.

अडचण पुढच्या पायरीवर येते. संगणक पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतो आणि प्रत्येक चौकोनासाठी हवेचं गणित सोडवतो. आपल्याकडच्या मुख्य प्रारूपाचा चौकोन बरीच वर्षं 12 किलोमीटरचा होता. राजगड आणि तोरणा दोन्ही त्या एका चौकोनात बसू शकतात. कड्याच्या खालचं कोकण आणि वरचं केळद यांची सरासरी निघते, आणि संगणकाला सह्याद्रीचा कडा दिसतो तो झिजलेल्या उतारासारखा. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत तयार झालेली 6 किलोमीटर जाळीची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ 26 मे 2025 ला सुरू झाली. सुधारणा मोठी आहे, तरी कानद खोऱ्यात किती आणि गुंजवण खोऱ्यात किती, हे वेगळं सांगण्याइतकी बारीक नजर अजून आलेली नाही.

शिवाय उष्ण प्रदेशातले ढग मोठ्या हिमवादळासारखे सावकाश वाढत नाहीत. चुलीवर आधण ठेवलं की ते उकळणार हे तुम्ही सांगू शकता, पहिला बुडबुडा भांड्याच्या कोणत्या कडेला फुटेल हे नाही. म्हणून हवामानशास्त्रज्ञ एकच गणित थोड्याथोड्या फरकाने अनेकदा सोडवतात. भारतात 2018 पासून चालणाऱ्या अशा एका पद्धतीत एकाच वेळी 21 उत्तरं काढली जातात. त्यातल्या अठरांनी घाटावर जोरदार पाऊस दाखवला तर इशारा पक्का, सहांनीच दाखवला तर शक्यता कमी. शनिवारी ‘150 मिलिमीटर’ असा एकच आकडा मोबाइलवर बघून आपण खूश होतो, पण त्यामागे 60 पासून 300 पर्यंत पसरलेली उत्तरं असू शकतात.

आता रेड अलर्टचं. हवामान खात्याच्या मोजपट्टीत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढचा पाऊस जोरदार, 115.6 पासून खूप जोरदार, आणि 204.5 च्या पुढचा अत्यंत जोरदार. त्या शेवटच्या पायरीला वरची मर्यादा नाही. 210 मिलिमीटर त्यातच आणि 22 जुलै 2021 च्या सकाळपासून 24 तासांत महाबळेश्वरला पडलेला 594 मिलिमीटरही त्यातच. ढोबळ हिशेबात एक सेंटिमीटर पाण्याचा दहा सेंटिमीटर बर्फ होतो. महाबळेश्वरच्या त्या एका दिवसाच्या पाण्याचा बर्फ केला असता तर तो सहा मीटरच्या आसपास भरला असता, म्हणजे बफेलोच्या पाच दिवसांच्या चौपटीहून जास्त. त्याच पावसात महाड तालुक्यात तळियेवर दरड आली आणि 80 हून अधिक माणसं गाडली गेली. आपला घाट जगातल्या मोठ्या वादळांच्या तोडीचा पाऊस काही तासांत पाडतो, आणि आपण त्याच्याकडे भिजायला जायची जागा म्हणून बघतो, याची मला खरोखर काळजी वाटते.

इशाऱ्याचे रंग नुसते मिलिमीटर मोजत नाहीत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. किती पाऊस, त्याची शक्यता किती आणि त्याने नुकसान काय होईल, हे तिन्ही त्यात धरलेलं असतं.

तुम्ही म्हणता रेड अलर्टला ऊन पडलं. ते कुठं पडलं, हा माझा उलट प्रश्न आहे. भोर बाजारात छत्री मिटून चालावं आणि त्याच वेळी हिर्डोशी-शिरगावकडे झड लागलेली असावी, हे तिथल्या माणसांना नवीन नाही. निगुडघरच्या पुढं गेलं की पावसाचा रंगच पालटतो. पुणे जिल्ह्याचा इशारा देताना हल्ली घाटभागाचा उल्लेख वेगळा असतो तो याचसाठी. त्या इशाऱ्याची परीक्षा कात्रजच्या बोगद्याबाहेरच्या आभाळावरून करू नये. माझ्या मते ‘अंदाज चुकला’ या तक्रारींतला मोठा भाग इथंच संपतो.

दुसरा मोठा भाग घड्याळाचा आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. कर्मचारी पर्जन्यमापकाचं नरसाळं काढतो, साठलेलं पाणी मापाच्या काचेच्या नळीत ओततो, पातळी डोळ्यांसमोर धरून वाचतो आणि त्या तारखेसमोर आकडा लिहितो. शनिवारच्या तारखेला नोंदलेला पाऊस म्हणजे शुक्रवारी साडेआठपासून शनिवारी साडेआठपर्यंतचा. त्यातला बहुतेक पाऊस शुक्रवारी रात्री पडलेला असू शकतो. तुमची गिऱ्हाइकं गडावर असतात शनिवारी सकाळी दहा ते चार. दिवसाची बेरीज बरोबर निघाली तरी ते सहा तास कोरडे जातील किंवा सगळा पाऊस त्यांच्याच डोक्यावर येईल, हे बेरीज सांगत नाही.

आणि काही सांगितलेलं नसताना ओढा भरून येतो त्याचं काय? मध्ये मोठा चढ असताना पाऊस वरच्या अंगाला, माचीवर पडतो, आणि पायथ्याला नुसती भुरभुर असते. पाणी खाली यायला तासभरही लागत नाही. खाली उतरणाऱ्यांना ओढ्याचं पाणी गढूळ दिसू लागलं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की लोंढा वाटेत आहे असंच समजावं. घाटातले अनेक ढग फार उंचही नसतात. मुंबईच्या रडारची किरणं वरंध्यापर्यंत पोहोचतात तेव्हा जमिनीपासून बरीच वर गेलेली असतात, आणि त्याखाली पडणारा पाऊस नीट दिसत नाही. पाषाणच्या संस्थेने मांढरदेवच्या डोंगरावर, भोरच्या दक्षिणेला, संशोधनासाठी रडार बसवलं, आणि महाबळेश्वरला 2012 पासून ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा चालवली, ती याच घाटी ढगांचा स्वभाव समजून घ्यायला. सगळ्या घाटमाथ्यावर बारा महिने नजर ठेवणारी रडारं आणखी हवीत. त्याची मागणी भोर-वेल्ह्यातून जोरात व्हायला हवी, कारण शेवटच्या तीन तासांचा इशारा त्यांच्यावरच अवलंबून असतो.

मग तुम्ही करायचं काय? सोमवारी-मंगळवारी एवढंच बघा, की उपसागरात कमी दाब आहे का, तो पश्चिमेकडे निघालाय का. बुधवारी-गुरुवारी पुणे घाटभागाचा रंग बघा. सलग दोन दिवस इशारा तोच राहिला किंवा पिवळ्याचा नारिंगी झाला, तर अंदाज पक्का होत चाललाय. रोज उलटसुलट बदलत असेल तर कमी दाबाची वाट अजून ठरलेली नाही, थांबा. गुरुवारी दुपारी नारिंगी किंवा लाल असेल तर मंडळींना फोन करून तारीख पुढं घ्यायला सांगा आणि माल निम्मा भरा. पुण्याहून शनिवारी पहाटे निघालेल्या पोरांना सकाळी सातला विंझरच्या फाट्यावर अडवणं कुणालाच जमत नाही. गाडीचं भाडं दिलेलं असतं, मित्र जमलेले असतात, आणि आलोच आहोत तर जाऊन येऊ असं होतं. गुरुवारी सांगितलं तर त्यांचं काहीच बुडालेलं नसतं, तुमचंही थोडक्यात निभावतं.

वरंध घाटाच्या बाबतीत हा धडा प्रशासनाने घेतलेला दिसतो. अलीकडच्या पावसाळ्यात तिथं अवजड वाहनं बंद ठेवून, नारिंगी आणि लाल इशारा असेल तेव्हा बाकीची वाहतूकही थांबवण्याचे आदेश निघाले. इशाऱ्यावरून रस्ता आपोआप बंद होतो, दरड आलेली बघायला कुणी थांबत नाही. गडाच्या वाटांना आणि मढे घाटातल्या धबधब्याला हाच नियम लागू व्हावा, आणि तो शनिवारी सकाळी नव्हे तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जाहीर व्हावा. बफेलोच्या त्या साडेनऊच्या बंदीची आठवण मी म्हणूनच काढली.

शनिवार उजाडल्यावर मात्र चार दिवसांपूर्वीचं सगळं विसरा. तेव्हा बघायचा तो पुढच्या तीन तासांचा इशारा, ‘नाउकास्ट’. तो हवामान खात्याच्या ‘मौसम’ ॲपवर येतो. विजांसाठी पाषाणच्याच संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. वर गडावर रेंज मिळेलच असं नाही, म्हणून हे काम पायथ्याच्या माणसाचं. तुमच्या पडवीत एक फळा लावा आणि त्यावर ‘आज घाट : नारिंगी, दुपारी दोनच्या आत उतरा’ असं ठळक लिहा. तुमच्या हातची पिठलं-भाकरी खाऊन वर जाणारा माणूस तुमचं ऐकतो, तितकं मोबाइलचं ऐकत नाही.

प्रश्न : महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ थंडीत गाड्यांच्या टपांवर बर्फ दिसतो. मग आमच्या भोरमध्ये किंवा रायरेश्वरावर कधी हिमवर्षाव होईल का?
— एक विद्यार्थी, भोर

उत्तर : वेण्णा तलावाजवळ दिसतं ते गोठलेलं दहिवर, आभाळातून पडलेला बर्फ नव्हे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन, गवत आणि पत्रे आपली उष्णता आभाळाकडे सोडतात. गार हवा जड असल्यामुळे तलावाच्या खोलगट भागात साचते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास सावलीच्या पेटीत असतो. तिथं 5 अंश दिसत असताना गवताच्या पात्यावर पारा शून्याच्या खाली गेलेला असू शकतो, आणि दव जागीच गोठतं.

आभाळातून हिम पडायचा तर ढगापासून जमिनीपर्यंतची जवळजवळ सगळी हवा शून्याच्या आसपास हवी, आणि त्याच वेळी ढगही हवेत. आपल्याकडे कडाक्याची थंडी पडते ती उत्तरेचा कोरडा वारा सुटून आभाळ मोकळं झाल्यावर. ढग आले की ते पांघरुणासारखं काम करतात आणि रात्रीचा गारठा कमी होतो. थंडी आणि ढग या दोन अटी इथं एकमेकींना पुरी पडू देत नाहीत. रायरेश्वराचं पठार चौदाशे मीटरच्या आसपास आहे. त्या उंचीवर, या अक्षांशाला, हिवाळ्यातही शून्य अंशाची हवा सापडायला डोक्यावर आणखी तीन किलोमीटर तरी चढावं लागेल. दहिवर गोठण्याचा अंदाज मात्र तू स्वतः करू शकतोस : आदल्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ, वारा शांत, हवा कोरडी, आणि सूर्य मावळताच पारा झरझर उतरायला लागला, तर पहाटे खोलगट जागचं गवत बघून ये.